प्लायवूडच्या अलीकडचे मामा

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. बँकेत बत्तीस वर्षं काउंटरमागे बसलेल्या माणसाला ती पाहावीच लागतात. पण नखाएवढ्या काळ्या तुकड्यापायी जिवाभावाच्या माणसाशी एकोणीस वर्षं अबोला धरणारा, आणि तो अबोला नीट पाळता यावा म्हणून रोज सकाळी साडेनऊला न चुकता कामावर हजर होणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. हे माझ्या बायकोचे मामा. सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही म्हणतो, आणि ते मला जावईबापू म्हणतात. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, माझ्या डोक्यावरचे केस गेले, पण माझं बापूपण काही सुटलं नाही.

मामा मूळचे अमळनेरकडचे. त्यांच्या गावची पोरं सुरतेला येऊन लूमवर उभी राहत, मामाही राहिले, पण त्यांचं लक्ष कापडावर कधीच नव्हतं. नक्षीच्या लूमला बाजूला एक लोखंडी डबा असतो, डब्यात हिरवं कार्ड असतं आणि कुठला धागा वर घ्यायचा नि कुठला खाली ठेवायचा हे त्या कार्डावरची चिप ठरवते, असं ज्या दिवशी त्यांना कळलं त्या दिवसापासून त्यांनी कापड सोडलं आणि चिप धरली. चिपला आपण काहीही सांगून चालत नाही, तिला ठरावीक हुकूमच कळतात. हे उचल, ते तिथे ठेव, दोन्ही सारखे असतील तर अमुक ओळीवर जा, असे शेसव्वाशे हुकूम, आणि प्रत्येक हुकमाचा एक आकडा. मामांनी एका कंपनीच्या चिपचे सगळे हुकूम आकड्यांसकट पाठ केले. लोक ज्या गोष्टी कॉम्प्युटरवर लिहितात त्या मामा चौकटीच्या वहीत पेन्सिलीने लिहीत आणि मग एकेक आकडा कार्डात भरत. अशा अकरा वह्या भरल्या. त्या कंपनीला ते ‘आपले’ म्हणत आणि तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला ‘तिकडचे’, म्हणजे बांधावरून कोर्टात गेलेल्या चुलतभावाला खानदेशात ज्या सुरात म्हणतात अगदी त्या सुरात. दोन्ही कंपन्या सातासमुद्रापलीकडच्या. त्यांनी एकमेकींवर दावे ठोकल्याची बातमी आली की मामा सुरतेतल्या गोडादरा भागातल्या घरात छाती पुढे काढून फिरत, आणि आपले हरले तर त्या दिवशी जेवत नसत.

मी पहिला लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेने त्यांना दाखवायला त्यांच्या कार्डांच्या दुकानात नेला. मामांनी त्याच्यावरचं तिकडच्यांच्या नावाचं चिकटपत्र वाचलं आणि मला म्हणाले, “जावईबापू, तुम्ही आत या. ह्याला चपलांजवळ राहू द्या.” मी हसलो, तर ते खरोखरच दारात उभे राहिले. अर्धा तास माझा नवा कोरा लॅपटॉप पर्वत पाटिया नाक्यावरच्या धुळीत माझ्याच चपलांवर बसून होता. शेवटी निघताना मामांनी त्या चिकटपत्रावर देवाचं एक चित्र चिकटवून दिलं, म्हणजे निदान बघणाऱ्याला त्रास नको. ते चित्र अजून तिथे आहे.

घरातही ते हुकमांतच बोलत. “चहा घे. कप भर. इथे ठेव. थांब.” मामी बिचाऱ्या थांबत. एकदा त्यांनी घराबाहेर पडण्याचे हुकूम कागदावर लिहून दाराला लावले. पहिला, पंखे बंद कर. दुसरा, गॅस बघ. तिसरा, कडी लाव. चौथा, शंका असल्यास पुन्हा पहिल्यावर जा. अमळनेरला मामींच्या भाचीचं लग्न होतं, गाडी सकाळची होती आणि मामा चौथ्या हुकमाशी पोचले की त्यांना शंका येई. रिक्षावाला दोनदा वर येऊन गेला. हे पंखे बघताहेत, गॅस बघताहेत, कडी लावताहेत आणि पुन्हा काढताहेत. गाडी गेली. मामी जिन्यात पिशवीवर बसून रडल्या, आणि मामा कागदाकडे बघत म्हणाले, “बाहेर पडायचा हुकूमच लिहायचा राहिला.” त्यांच्या आयुष्यावर मला याहून खरं काही सांगता येणार नाही.

पण त्यांचं खास वैशिष्ट्य वेगळंच होतं. प्रत्येक चिपमध्ये एक हुकूम असतो, त्याचा अर्थ ‘काही करू नकोस’. मामा आपल्या प्रत्येक कार्डाची सुरुवात या हुकमाने करीत, आणि एकदा नाही, अकरा वेळा. काही करू नकोस, काही करू नकोस, असं अकरा वेळा सांगून मग कामाचं बोलणं. मी कारण विचारलं तर म्हणाले, “माणूस कामाला हात लावण्याआधी दम घेतो की नाही? यंत्रानं काय घोडं मारलं?” आता ते अकरा हुकूम डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी होऊन जात. लूमला दम घेतल्याचं कळतही नसे. पण मामांची खात्री होती की त्यांची कार्डं जास्त टिकतात ती त्यामुळेच.

या अकराची सगळ्यात जास्त टिंगल केली ती बाबूभाईंनी. बाबूभाई मामांचे भागीदार, काठियावाडातून आलेले, पोटाने मोठे आणि आवाजाने त्याहून मोठे. पर्वत पाटियाजवळचा गाळा दोघांनी मिळून घेतलेला. मामा हुकूम लिहीत, बाबूभाई कार्डं जोडत, आणि दिवसभर दोघांची जुंपलेली असे. “मास्तर, आ अगियार वार कंई नथी करवानुं, एटले शुं?” बाबूभाई गरजत, अकरा वेळा काही करायचं नाही म्हणजे काय, आणि मामा शांतपणे म्हणत, “एटले तुमच्या डोक्यात नाही शिरणार.” बाबूभाई मामांना मास्तर म्हणत, कारण सगळे हुकूम पाठ असलेला माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता. बाबूभाईंच्या घरून ढोकळा येई, मामींच्या हातची कळण्याची भाकरी जाई. दोन सख्खे भाऊ असे राहत नाहीत असं मी तेव्हा बायकोला म्हणायचो.

मग एका वर्षी आपल्यांच्या चिपा बाजारात मिळेनाशा झाल्या. कारखानदार ओरडू लागले. बाबूभाईंनी तिकडच्यांच्या चिपांचा एक खोका आणून टेबलावर ठेवला. मामांनी त्याला हात लावला नाही. तिकडच्या चिपला मामांचा एकही हुकूम कळणार नव्हता, अकरा वह्या एका खोक्यापुढे मुक्या झाल्या असत्या. “ह्या बहिऱ्याला मी नाही शिकवणार,” मामा म्हणाले. बाबूभाई हसले. “शीखी जईशुं ने, मास्तर. ए य शीखशे, आपणे य शीखीशुं.” शिकू की, तोही शिकेल, आपणही शिकू. एवढंच बोलले होते हो ते. पण मामांना त्यात आपल्या वीस वर्षांचा अपमान दिसला. शब्दाने शब्द वाढला, आणि आठवड्याच्या आत गाळ्याच्या मधोमध प्लायवूडची फळी उभी राहिली. डावीकडे मामा आणि आपले, उजवीकडे बाबूभाई आणि तिकडचे. एका शटरची दोन झाली. बिघडलेलं कार्ड घेऊन येणाऱ्या माणसाने आधी आतली चिप बघायची आणि मग आपलं दार ठरवायचं.

फळी वरपर्यंत पोचत नव्हती, वीतभर फट होती, आणि पातळ इतकी की पलीकडचा खोकला अलीकडे ऐकू येई. बोलणं बंद, पण जगणं कसं बंद होणार? गाळ्यात चहा आणून देणाऱ्या काकी आधी उजवीकडे चहा ठेवीत, तेव्हा बाबूभाई फळीवर एक ठोका देत. म्हणजे चहा आला, हातातलं काम ठेवा. लाईट गेली की दोन ठोके, तुमची पण गेली का? पलीकडून दोन आले की दोघांनाही बरं वाटे. तीन ठोके म्हणजे सोल्डरची तार संपली, की लगेच फटीतून तारेचं वेटोळं पडे. चार म्हणजे मी जरा जाऊन येतो, दुकानाकडे लक्ष असू द्या. ही यादी कुणी बसून ठरवली नव्हती, होत होत झाली, आणि मामांनी ती आपल्या बाजूच्या फळीवर पेन्सिलीने नीट लिहून ठेवली होती. दिवाळीनंतर लाभपाचमीला, धंद्याच्या मुहूर्ताला, दोघे आपापल्या बाजूला पूजा करीत, आणि नारळ मात्र एकाच क्षणी फोडत. मी एकदा म्हटलं, “मामा, हे बोलणंच झालं की.” तर भडकले. “हे बोलणं नाही. हे सिग्नल आहेत.”

अशी एकोणीस वर्षं. मी कितीदा मध्यस्थी केली. बाबूभाईंकडे गेलो की ते म्हणत, “मास्तरने कहो, बारणुं खुल्लुं छे.” दार उघडं आहे. मामांना सांगितलं की ते म्हणत, दार काय, त्यांचंही उघडंच आहे. दोन उघड्या दारांमध्ये चार पावलांचं अंतर, आणि ते चालायला कुणी तयार नाही. शेवटी मी हात टेकले. माझ्यासारख्या माणसाने चिडून तरी किती चिडावं?

आणि मग ती बातमी आली. मी संध्याकाळी बँकेतून परतताना मामांकडे डोकावलो होतो, फोनवर सहज नजर गेली. मामांच्या त्या दोन कंपन्या, इतकी वर्षं एकमेकींना कोर्टात खेचणाऱ्या, आता एकत्र आल्या होत्या. आपले आता तिकडच्यांचे हुकूम आपल्या चिपमध्ये घेणार होते आणि तिकडचे आपल्यांचे. मला वाटलं गंमत करावी. मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे कोर्टात गेले होते ना?”

“गेले होते.”

“मग आता आपल्यांच्या चिपला तिकडचं कळणार?”

“हो. आणि तिकडच्यांना आपलं.”

“आणि मला कुणी विचारलं?”

मी हसलो, पण ते हसत नव्हते. “जावईबापू, मी किल्ला लढवत बसलो आणि राजा शत्रूकडे जेवायला गेला,” असं ते म्हणाले. त्या माणसाचा चेहरा मी कधी इतका उतरलेला पाहिला नव्हता. हातातला स्क्रू ड्रायव्हर कुठे ठेवायचा तेही त्यांना सुचेना. आणि तेव्हाच फळीवर ठोके पडले. एक, दोन, तीन, चार. आणि जरा थांबून पाचवा.

पलीकडे सगळं ऐकू गेलं होतं हे उघड होतं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी फळीवरच्या यादीकडे पाहिलं. “पाच यादीत नाहीत,” ते म्हणाले.

“मामा, उठा. जा तिकडे.”

“यादीत नसलेल्या हुकमाला चिप उत्तर देत नाही. चुकून पडला असेल एक जास्त. चार म्हणायचे असतील. जातोय कुठेतरी.” आणि ते खरोखर मान वळवून बाबूभाईंच्या दुकानाकडे लक्ष ठेवून बसले. पलीकडून पुन्हा पाच ठोके आले, या वेळी हळू. मामांचा हात अर्धा वर गेलेला मी पाहिला. मग तो त्यांनी खाली घेतला. आज लिहिताना मला वाटतं, मी तेव्हा त्यांना दंडाला धरून चार पावलं न्यायला हवं होतं. पण मला घरी जायची घाई होती, आणि एकोणीस वर्षं जे झालं नाही ते एक दिवस उशिरा झालं तर काय बिघडतं असं मला वाटलं.

त्याच दिवशी मामा घरी गेल्यावर मामींनी त्यांना फैलावर घेतलं. “बठ्ठं जग एक व्हयनं, तुम्ही दोन्ही म्हतारा कवय बोलशात?” सगळं जग एक झालं, तुम्ही कधी बोलणार? मामा म्हणाले, “पहिले त्यानी बोलाले जोयजे.” पण सकाळी त्यांनी पांढरा सदरा काढून घातला आणि मामींकडून कळण्याची भाकरी बांधून घेतली. दोघांची म्हणून चार घेतल्या.

उजवीकडचं शटर बंद होतं. मामा म्हणाले, रुसला. दुसऱ्या दिवशीही बंद. गावी गेला असेल. तिसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा मामांनी आपणहून एक ठोका दिला आणि कान देऊन बसले. ते पाहून चहावाल्या काकींना राहवलं नाही. “मामा, तमने कोईए कह्युं नथी?” त्या म्हणाल्या, कुणी सांगितलं नाही? बातमीच्याच रात्री घरी बाबूभाईंची छाती दुखली होती. दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. फळीच्या पलीकडच्या माणसाच्या घरचा फोन नंबर अलीकडच्या माणसाकडे नव्हता, आणि अलीकडच्याचा पलीकडे.

बेसण्याला, म्हणजे तिकडच्या शोकसभेला, मी मामांबरोबर गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीने बसली होती, समोर बाबूभाईंचा हार घातलेला फोटो. मामा मागच्या ओळीत बसले. उठताना दाराशी बाबूभाईंचा मुलगा हात जोडून उभा होता. भांडण झालं तेव्हा तो फार लहान होता, त्याने मामांना ओळखलं नाही. “तमे, काका?” त्याने विचारलं, तुम्ही कोण. मामांनी एकदा फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, “बाजुमां बेसुं छुं.” शेजारी बसतो. मुलाने मान हलवली आणि मागच्या माणसाला हात जोडले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी मी दुकानात होतो तेव्हा गोडादऱ्याचा एक लूमवाला बंद पडलेलं कार्ड घेऊन आला. उजवीकडचं शटर बंद बघून नाइलाजाने डाव्या दाराशी उभा राहिला. “मामा, तिकडचं आहे, बाबूभाईंच्या हातचं. पण आता मी कुणाकडे जाऊ?” मला वाटलं मामा त्याला घालवून देतील. त्यांनी हात पुढे केला. चिपचा एक पाय सुटला होता, तो त्यांनी झाळला. मग कार्डाची मेमरी काढून वाचायच्या यंत्रात घातली. पडद्यावर आकडे आले, तिकडचे आकडे. मामा चष्मा सावरून वाचू लागले. वाचता वाचता एका जागी अडले, तेव्हा त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडून एक वही काढली. अकरा वह्या मला ओळखीच्या होत्या. ही बारावी होती. तिच्या पानापानांवर मामांच्या अक्षरात तिकडच्यांचे सगळे हुकूम होते.

“हे कधी शिकलात?”

“फळी ठोकली त्याच वर्षी.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

“त्यानं विचारलं नाही,” मामा म्हणाले, आणि लगेच, “विचारलं होतं. सगळ्यात आधी त्यानंच विचारलं होतं.”

लूमवाला बाहेर बाकावर बसला होता. मामा पुन्हा पडद्याकडे वळले. बोट ठेवून पहिल्या ओळीपासून मोजू लागले. काही करू नकोस. काही करू नकोस. बोट खाली खाली सरकत होतं. बाबूभाईंनी तिकडच्या चिपसाठी मामांचाच सगळा मजकूर ओळीला ओळ लावून तिकडच्या हुकमांत बसवला होता, आणि सुरुवातीला, जे त्यांच्या डोक्यात कधीच शिरणार नव्हतं ते, मोजून अकरा वेळा. मामांचं बोट अकराव्यावर थांबलं. “टिंगल करायचा माझी,” ते म्हणाले. “आयुष्यभर टिंगल केली.” आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, तो कार्डावर पाणी पडू नये म्हणून खुर्ची मागे सरकवून रडला.

आता बाबूभाईंचा मुलगा म्हणतो की काका, मला यातलं काही येत नाही, सगळा गाळा तुम्हीच वापरा, फळी काढून टाका. जागा हवेशीर होईल. मीही तेच म्हटलं. मामा उजवीकडची कार्डंही दुरुस्त करतात, तिकडच्यांना आता नावं ठेवत नाहीत, माझा लॅपटॉपही परवा त्यांनी आत घेऊ दिला. पण फळीला हात लावू देत नाहीत. “काढली तर ठोकू कशावर?” म्हणतात.

परवा गेलो तेव्हा यादीत भर पडलेली दिसली. चारच्या खाली पाचचा आकडा काढलेला, आणि त्याच्यापुढे काहीच नाही. काकी चहा ठेवून गेल्या. मामांनी हातातलं काम बाजूला ठेवलं, फळीवर पाच ठोके दिले आणि पंजा तसाच फळीवर टेकवून बसून राहिले. मीही माझा कप खाली ठेवला. आमच्या दोघांच्या चहावर साय धरेपर्यंत आम्ही काही केलं नाही.